वजनाची सुई आणि हृदयरुग्ण : ‘विकतचे मरण’ हा शब्द मला मान्य नाही

गिरगावकर (धागाकर्ता)

परवा मुलुंडकर यांनी येथे लिहिले की, ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याने वजन कमी करण्याची इंजेक्शने घेणे म्हणजे विकतचे मरण घरात आणणे होय. त्यांचे म्हणणे असे की, वजन कमी करण्याच्या जुन्या औषधांपैकी फेनफ्लुरामिनने लोकांच्या हृदयाच्या झडपा बिघडवल्या म्हणून १९९७ मध्ये ते मागे घेतले गेले, २०१० मध्ये सिब्युट्रामिन मागे घ्यावे लागले आणि आजच्या सेमाग्लूटाइड व टिर्झेपटाइड या सुयांचीही तीच गत होणार आहे. हे वाचून माझ्या धाकट्या बहिणीने रात्री साडेदहा वाजता फोन केला आणि ‘दादा, ती सुई आजपासून बंद कर’ असे रडत सांगितले. म्हणून चार ओळींचा प्रतिसाद न देता स्वतंत्र धागा काढत आहे.

मुलुंडकरांनी सांगितलेला इतिहास खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. सिब्युट्रामिन मेंदूतील रसायनांवर काम करून भूक मारत असे आणि तसे करताना रक्तदाब व नाडी वाढवत असे. हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांवरच त्याची मोठी चाचणी झाली, तेव्हा झटक्यांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि ते बाजारातून गेले. आपल्याकडेही २०११ मध्ये त्यावर बंदी आली. सेमाग्लूटाइड हे आतड्यात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाची नक्कल आहे आणि तेही नेमक्या त्याच कसोटीवर घासले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत १७,६०४ माणसे होती, सगळी ४५ वर्षांवरची, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेली, पण मधुमेह नसलेली. सुमारे सव्वातीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात असे काही घडलेल्यांचे प्रमाण औषध नसलेली नुसती सुई टोचलेल्या गटात ८ टक्के होते, औषध घेतलेल्या गटात ६.५ टक्के. त्या आधारावर मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी म्हणूनच या औषधाला मान्यता दिली.

माझ्या दोन हृदयरोहिण्यांत स्टेंट बसले तेव्हा माझे वजन ९६ किलो होते आणि चर्नी रोडच्या पुलावर मधल्या टप्प्याला कठडा धरून उभे राहिल्याशिवाय मला पुढच्या पायऱ्या चढता येत नसत. गेल्या पावसाळ्यापासून दर गुरुवारी आंघोळ झाली की फ्रिजच्या मधल्या फळीवरून, लिंबांच्या डब्यामागचे इंजेक्शनचे पेन काढतो आणि पोटाला टोचून घेतो. आज वजन ८३ आहे आणि पूल मी न थांबता चढतो. याला मरण म्हणायचे असेल, तर जगणे कशाला म्हणायचे तेही सांगावे.

मुलुंडकर

आपल्या भगिनींना त्रास झाला याचे मला मनापासून वाईट वाटते, परंतु शब्द मागे घेणार नाही. आपण टक्केवारी सांगितलीत, मी माणूस सांगतो.

माझे थोरले बंधू ६७ वर्षांचे. त्यांचे हृदय मोठे झाले आहे आणि पंपिंग कमी आहे. पायाला सूज येते म्हणून लघवीची गोळी रोज सकाळी चालू. स्टेशनजवळच्या एका वजन कमी करून देणाऱ्या दवाखान्यात त्यांना ही सुई सुरू केली. तिसऱ्या महिन्यात डोस चढवला आणि त्यानंतर सहा दिवस त्यांच्या पोटात भाताच्या पेजेशिवाय काही टिकले नाही. उलट्या चालू, आणि सोबत लघवीची गोळी चालू, रक्तदाबाच्या दोन गोळ्याही चालू, कारण ‘हृदयाची औषधे कधीही चुकवायची नाहीत’ हे त्यांना वर्षानुवर्षे बजावलेले. सातव्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये पडले. वहिनींनी दार ढकलले तेव्हा बादली उपडी, नळ वाहतो आहे आणि दादा भिंतीला टेकून नुसते बघत आहेत. वरचा रक्तदाब ७०, मूत्रपिंडे काम सोडण्याच्या बेतात, पाच दिवस अतिदक्षता विभागात. आपल्या १७,६०४ मध्ये माझे दादा कुठे बसतात, ते मला दाखवा.

परळची सिस्टर

मी बावीस वर्षे हृदयरोग विभागात काम करते, म्हणून दोघांनाही स्पष्ट सांगते की आपण दोन वेगवेगळ्या आजारांविषयी भांडत आहात. गिरगावकरांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या, मुलुंडकरांच्या बंधूंचा पंप दुबळा आहे. ‘हार्ट पेशंट’ या एका शब्दात आपण दोघांना कोंबतो आणि सगळा घोटाळा तेथे होतो.

दुबळ्या पंपाचेही दोन प्रकार आहेत. एकात हृदय ताठ होते, पण आकुंचन बऱ्यापैकी राहते. असे रुग्ण बहुधा स्थूल असतात आणि त्यांना या औषधांनी चांगला गुण येतो. २०२३ च्या सेमाग्लूटाइडच्या चाचणीत असे ५२९ रुग्ण होते, त्यांचा दम आणि चालणे स्पष्ट सुधारले. २०२४ मध्ये टिर्झेपटाइडची ७३१ रुग्णांवरची चाचणी आली, तिच्यात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयाचा त्रास बळावणे या घटना १५.३ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आल्या. दुसऱ्या प्रकारात आकुंचनच कमी होते, म्हणजे टू-डी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर ईएफ, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा, चाळिसाच्या खाली असतो. तेथे याच घराण्यातल्या जुन्या लिराग्लूटाइडचा अनुभव चांगला नाही. २०१६ मध्ये नुकतेच रुग्णालयातून आलेल्या ३०० जणांवर ते वापरले, फायदा झाला नाही. २०१७ मध्ये, ईएफ ४५ किंवा त्याहून कमी असलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या २४१ जणांवर वापरले, तेव्हा हृदयाच्या गंभीर घटना औषधाच्या गटात १२ जणांना आणि दुसऱ्या गटात ३ जणांना झाल्या. शिवाय या औषधांनी नाडी मिनिटाला दोन ते चार ठोक्यांनी वाढते. धडधाकट पंपाला ते जाणवतही नाही. दुबळ्या पंपाचे तसे नसते.

गिरगावकर

सिस्टर, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु सिलेक्टमध्येही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना हृदय दुबळे असल्याचा पूर्वेतिहास होता, त्यात कमी ईएफवालेही होते, आणि त्यांनाही तोटा झालेला दिसला नाही. ही बाजू आपण सोडून दिलीत.

परळची सिस्टर

सोडली हे खरे, आणि ते माझे चुकले. पण त्या चाचणीत बसल्या जागीही दम लागणाऱ्या, चौथ्या पायरीच्या रुग्णांना घेतलेच नव्हते आणि ज्यांना साठ दिवसांच्या आत झटका येऊन गेला होता त्यांनाही नाही. आमच्या वॉर्डातून घरी जाणारा माणूस नेमका तोच असतो. त्याच चाचणीत १६.६ टक्के लोकांनी त्रासामुळे औषध सोडले, दुसऱ्या गटात ८.२ टक्क्यांनी, बहुतेकांचा त्रास पोटाचा. ही उलटी-मळमळ आपण किरकोळ मानता. लघवीच्या गोळीवर असलेल्या माणसाला ती किरकोळ नसते.

कांदिवलीची ताई

औषध चांगले की वाईट हा वाद आपण घालत बसला आहात आणि ते देतो कोण, याकडे कोणाचेच लक्ष नाही. माझ्या जाऊबाईंची झडप बदललेली आहे, त्या रोज रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. मुलाच्या लग्नाआधी सहा किलो कमी करायचे म्हणून चेहऱ्याच्या डागांसाठी ज्या दवाखान्यात जात होत्या तेथेच सुई लिहून घेतली आणि नेहमीच्या केमिस्टाकडून आणली. कोणीही छातीवरचा व्रण पाहिला नाही, कोणीही गोळ्यांची पिशवी उघडायला सांगितली नाही. जेवण निम्म्यावर आले, पालेभाजी सुटली, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा, म्हणजे वॉरफेरिनचा, परिणाम वाढला, डोस मात्र तोच राहिला. हळदीच्या दिवशी नाकातून रक्त सुरू झाले ते थांबेना. रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आयएनआर सहाच्या वर, म्हणजे फारच जास्त. पिवळ्या साडीवर रक्ताचे डाग आणि मांडवात पाहुणे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकता येत नाही असा नियम आहे, मग मुंबईतले केमिस्ट कोणाच्या चिठ्ठीवर ते देतात?

लालबागचा केमिस्ट

ताई, आपल्या जाऊबाईंचे ऐकून वाईट वाटले, पण सरसकट केमिस्टांवर घसरू नका. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का असला की त्या डॉक्टरांना हृदयातले किती कळते हे विचारण्याचा मला अधिकार नाही. मी तीस वर्षे दुकान चालवतो. हे पेन दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते, वीज गेली तर मी जनरेटरचा खर्च करतो, आणि तरीही सगळीकडे चोर आम्हीच ठरतो.

मी रोज काय पाहतो ते सांगतो. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आपल्याकडे आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीला ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमला ४,३७५ रुपये होते, आणि कुपी आठवड्याला एक लागते. लोक तीन महिने घेतात, पैसे संपतात, गणपतीचा खर्च येतो, दोन महिने बंद. मग दिवाळीनंतर येतात आणि म्हणतात, ‘मागे होता तोच डोस द्या.’ मी सांगून थकलो की इतका खंड पडल्यावर डॉक्टरांना विचारून बहुधा खालच्या डोसपासून चढावे लागते. ऐकत नाहीत, आणि मग उलट्या होतात. बंद केल्यावर वजन परत येते ते वेगळेच. सेमाग्लूटाइडच्या एका चाचणीत औषध थांबवल्यानंतर वर्षभरात कमी झालेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला.

कांदिवलीची ताई

‘लोक ऐकत नाहीत’ असे आपण सांगता, पण शेवटी देता ना? थकलो असे म्हणून पेन पिशवीत घालणारा हातही आपलाच असतो. माझ्या जाऊबाईंच्या वेळी त्या दुकानात गेल्या सात वर्षांची वॉरफेरिनची खरेदी नोंदलेली होती. संगणकाच्या एका पडद्यावर दोन्ही औषधे होती. एका प्रश्नाचे काम होते.

लालबागचा केमिस्ट

मी नाही दिले तर पुढच्या गल्लीतला देतो! आपण माझ्या गल्ल्यामागे एक दिवस उभ्या राहून पाहा आणि मग बोला.

कांदिवलीची ताई

मी तीन रात्री रुग्णालयाच्या बाकावर काढल्या आहेत, म्हणूनच बोलते आहे. ‘पुढचा देतो’ हे उत्तर मी मान्य करणार नाही.

परळची सिस्टर

दोघांनीही थोडे थांबावे. केमिस्टभाऊ, आपण खंड पडल्याची गोष्ट सांगितलीत ती या धाग्यातली सर्वांत उपयोगाची आहे, पण ताईंचा मुद्दाही टाळू नका. आपल्या पडद्यावर दिसते ते एखाद्या वेळी डॉक्टरांनाही दिसत नसते. आमच्याकडे सुईमुळे दाखल झालेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांच्यात औषधाने थेट हृदयाला इजा केली असे एकही उदाहरण मला आठवत नाही. प्रत्येक वेळी सोबतच्या गोळ्यांचा हिशेब कोणी पुन्हा मांडला नव्हता. वजन दहा किलो उतरले की रक्तदाबाचा जुना डोस जास्त होऊ शकतो, मधुमेहाची काही औषधे चालू असतील तर साखर खाली जाऊ शकते, उलट्या लागल्या तर लघवीच्या गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे लागते. वयस्कर माणसाचे मांसही चरबीबरोबर उतरते, त्यामुळे काट्यावर आकडा चांगला दिसतो आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात.

लालबागचा केमिस्ट

ताईंचे बोलणे मला लागले, हे मान्य करतो. उद्यापासून ही सुई मागणाऱ्याची जुनी खरेदी उघडून पाहीन, आणि वॉरफेरिन किंवा लघवीची गोळी दिसली तर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करीन. डॉक्टर फोन उचलतील का, हे मात्र माझ्या हातात नाही.

मुलुंडकर

‘विकतचे मरण’ हा शब्द सरसकट वापरायला नको होता. गिरगावकरांच्या भगिनींना माझ्यातर्फे तसे कळवावे. आपली सुई आपण आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या नजरेखाली घेत असाल, तर माझी हरकत नाही. याहून अधिक मी मागे जाणार नाही.

गिरगावकर

कळवतो. मीही ‘हृदयरुग्णांना ही सुई लाभते’ असे सरसकट म्हणत होतो, तेही बरोबर नव्हते. सुई सुरू करण्यापूर्वी माझा एको झाला होता आणि ईएफ ५५ होता. आजवर मी हा आकडा कोणाला सांगितलाही नाही, कारण त्याचे महत्त्व मला ठाऊक नव्हते. दादांचा किती आहे?

मुलुंडकर

आज दुपारी वहिनींकडून फाइल आणून पाहिली. गेल्या वर्षीच्या एकोवर २८ लिहिले आहे. त्या दवाखान्याचा केसपेपरही फाइलमध्ये आहे. त्यावर वजन आहे, उंची आहे, कमरेचा घेर आहे, दादांचा ‘आधीचा’ म्हणून काढलेला फोटोसुद्धा चिकटवला आहे. हृदयाविषयी एक ओळही नाही.