पाकोळ्या घटतात त्या अन्नाअभावी की जागेअभावी?

मुळाकाठ : भिंगऱ्या, पाकोळ्या, रातवे अशा उडता उडता कीटक टिपणाऱ्या पक्ष्यांचा ऱ्हास प्रामुख्याने कीटक संपत चालल्यामुळे होतो, असे माझे मत आहे. उत्तर अमेरिकेत १९७० पासून हा गट सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१७ मध्ये जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत उडत्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे दिसले होते. पुण्याभोवतीची माळराने बांधकामाखाली गेली, उरल्या शेतांत फवारणी होते. येथे निराळे घडत असेल असे मानायला आधार नाही.

कसबेकर : आधार आपणच द्यायचा आहे. दोन घसरते आलेख शेजारी ठेवल्याने एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, शिवाय जर्मनीतील बहुतेक जागांवर मोजणी प्रत्येकी केवळ एकाच वर्षी झाली होती. पाकोळीला घरट्यासाठी फट किंवा वळचण लागते. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या गुळगुळीत इमारतींत ती मिळत नाही. उलट नदीवरच्या पुलांखाली वसाहती दिसतात, कारण तेथे जागा आहे आणि सांडपाण्यात वाढणाऱ्या चिलटांना तोटा नाही. (नदी घाण ठेवावी, असे मी म्हणत नाही.)

मुळाकाठ : प्रश्न कीटक किती याहून कोणते, हा आहे. कॅनडातील किंग्स्टन येथे विद्यापीठाच्या एका धुराड्यात पाकोळ्यांच्या विष्ठेचा सुमारे २ मीटर जाडीचा थर साचला होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार, डीडीटी या कीटकनाशकाचा वापर वाढला त्या काळात आहारातील भुंगेरे घटून ढेकणांच्या गणातले कीटक वाढले, आणि डीडीटी ओसरल्यावरही भुंगेऱ्यांचे प्रमाण पूर्ववत झाले नाही. चिलटांनी पोट भरते म्हणून पिल्ले पोसली जातात, असे गृहीत धरू नये.

माळरानी : दोघांनीही परदेशी आकड्यांवर भिस्त ठेवली आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२३ च्या अहवालात दीर्घकालीन कल काढता आलेल्या ३३८ जातींपैकी २०४ घटल्या आहेत. मात्र तो कल हौशी निरीक्षकांच्या किती टक्के याद्यांत जात आढळली, यावर बेतलेला आहे. थव्यात दहा पाकोळ्या असोत वा दोनशे, यादीत जात एकदाच येते, त्यामुळे वसाहत विरळ होत गेली तरी ते उशिरा कळते. ठरावीक पुलांखालची घरटी दरवर्षी मोजावीत.

कसबेकर : त्याने जागेचा प्रश्न सुटेल, अन्नाचा नाही. खाली पडलेली विष्ठा तपासून शहरातील आणि शहराबाहेरील पुलांची तुलना केली, तरच मुळाकाठ यांचा दावा पारखता येईल. अर्थात त्याच पुलाखाली भिंगऱ्याही राहतात, तेव्हा विष्ठा नेमकी कोणाची, हे आधी ठरवावे लागेल.