व्हायरल लोडची (रक्तात एचआयव्हीचा विषाणू किती आहे याची) तपासणी सरकारी खर्चाने होते ना? मग वहिनीने साडेचार हजार का भरायचे?

धाकटी नणंद (बीड जिल्हा):
दादा-वहिनी दरवर्षी ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जातात. वहिनीला एचआयव्ही आहे. गोळी रोज रात्री घेते, चुकवत नाही. कोपीत (फडावरच्या झोपडीत) बाटली पिठाच्या डब्यात पुरून ठेवते, म्हणजे टोळीतल्या कुणाच्या नजरेस पडायला नको. मागच्या हंगामाआधी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) व्हायरल लोडसाठी रक्त दिलं होतं. रिपोर्ट आलाच नाही. फोन केला तर म्हणाले, नमुना खराब झाला, परत या. तोवर टोळी निघून गेलेली. हंगामात परत यायचं म्हणजे दोघांचा खाडा, कारण कोयता जोडीचा असतो, म्हणजे नवरा-बायको मिळून एक मजूर धरतात, आणि खाड्याचा दंड उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशांत) चढतो. आता खासगी लॅबवाला साडेचार हजार सांगतोय. दसरा झाला की टोळी निघेल. गरिबांना ही तपासणी सरकारी पैशातून मिळते का? त्यासाठी पिवळं रेशनकार्ड लागतं का? कारखान्याजवळच्या एखाद्या सेंटरवर करता येईल का?

समुपदेशक (दुसऱ्या जिल्ह्यातलं एआरटी केंद्र):
ताई, खासगीत एक रुपयाही देऊ नका. रेशनकार्ड नको, उत्पन्नाचा दाखलाही नको. एआरटी केंद्रात नाव असलेल्या प्रत्येकाला ही तपासणी मोफत आहे, फेब्रुवारी 2018 पासून. गोळ्या सुरू झाल्यावर 6 महिन्यांनी, मग 12 महिन्यांनी, नंतर दरवर्षी एकदा. खर्च नॅकोमार्फत (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) केंद्र सरकार करतं. 2021 ते 2026 या टप्प्यासाठी सगळ्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाला 15,471.94 कोटी मंजूर झाले, त्यातच हेही आलं.

नमुना का खराब होतो ते सांगतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. ते 24 तासांच्या आत मशीनवर फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा काढायचा आणि थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचा. गुठळी झाली, नळी कमी भरली किंवा गाडी चुकली, की नमुना बाद. यात वहिनींचा काही दोष नाही. बाद नमुना म्हणजे तपासणी झालीच नाही, पुन्हा रक्त घेणं केंद्राचं काम आहे. आधी फोन करून विचारा, नमुने कुठल्या वारी जातात. त्या दिवशी सकाळी लवकर पोचा. रक्त तुमच्या नेहमीच्या सेंटरवरच, निघायच्या आधी द्या. तिकडे गेल्यावर गोळ्या कमी पडल्या, तर हिरवं पुस्तक (सेंटरने दिलेली उपचारांची नोंदवही) दाखवून कुठल्याही एआरटी केंद्रातून तात्पुरत्या मिळतात.

रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूंचा आकडा 1000 च्या खाली आला तर औषध लागू पडतंय असं आम्ही धरतो. वर गेला तरी घाबरायचं नाही. तीन महिने गोळ्यांवर नीट लक्ष ठेवून पुन्हा तपासतात, मगच औषध बदलायचा विचार होतो.

जुना पेशंट (सोलापूर):
मी 2007 पासून गोळ्यांवर आहे. तेव्हा आमच्यासाठी सगळा भरवसा सीडी4 वर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या आकड्यावर. व्हायरल लोड फक्त औषध फसल्याची शंका आली तरच. दुसऱ्या फळीची औषधं (पहिली लागू पडेनाशी झाली की देतात ती) 2008 च्या जानेवारीत सुरू झाली, तीही आधी मुंबईचं जेजे आणि चेन्नईजवळचं तांबरम, दोनच ठिकाणी. विषाणू आधी वाढतो, सीडी4 नंतर पडतो. तो पडेपर्यंत थांबलेली माझ्या ओळखीची माणसं आज नाहीत. म्हणून वर्षाला एक तपासणी मोफत होते याची किंमत मला कळते, आणि ती वहिनींना मिळालीच पाहिजे.

पण सरकारने पैसे फक्त नळीतल्या रक्तावर लावलेत. सेंटरपर्यंत येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, खाड्याचा दंड हे कोण देणार? ऊसतोडीवाल्यांचं रक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घ्यायचं असं प्रत्येक सेंटरने ठरवलं आणि रिपोर्ट फोनवर कळवायला एक माणूस नेमला, तरी अर्धा प्रश्न सुटेल. नवीन मशीनपेक्षा त्या माणसाचा पगार आधी द्या, असं मी बैठकांत सांगत आलोय. बाकी, संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीग्रस्तांचा समावेश आहे. तहसीलमध्ये अर्ज करा. एसटीतही सवलत आहे, सेंटरवरून दाखला मागून घ्या.

धाकटी नणंद:
खूप आभार दादा. सकाळी सेंटरला फोन लावला. नमुने मंगळवारी जातात म्हणाले, सोमवारी रात्रीच वहिनी माझ्याकडे मुक्कामाला येतेय. एसटीच्या दाखल्याला मात्र ती नाही म्हणते. कंडक्टर गावातलाच असतो, त्याला कळलं की मुकादमाला कळणार. आणि एक सांगा, हा रिपोर्ट चांगला आला तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, हे खरं का? तसं असेल तर हंगामातल्या फेऱ्या वाचतील.

समुपदेशक:
खरं आहे. प्रकृती स्थिर असेल आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर तीन महिन्यांच्या देतात. डॉक्टरांना सांगा की ती ऊसतोडीला जाते, हे त्यांना माहीत असायला हवं. दाखला घ्यायचाच असं नाही, तिची इच्छा नसेल तर राहू द्या. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तिच्या संमतीशिवाय ही माहिती कुणी कुणाला सांगू शकत नाही, मुकादमाला तर नाहीच. सेंटरवर दाद लागली नाही तर 1097 वर फोन करा, मोफत आहे, मराठीतून बोला. रक्त दिल्यावर रिपोर्ट कधी आणि कुणाच्या फोनवर येणार, हे हिरव्या पुस्तकात लिहून घ्या. नंबर तुमचा द्या, दादाचा फोन फडात लागणार नाही.