पाचवीच्या मुलांसाठी गणिताचे व्हिडिओ: मुलं शेवटपर्यंत बघतील असं काय करावं?

माळावरची_शाळा:
नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेत पाचवीला शिकवते. दिवाळीच्या आसपास आमच्याकडची बरीच मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि गणित तिथंच तुटतं, म्हणून सममूल्य अपूर्णांकाचे व्हिडिओ करायला घेतलेत. फळ्यासमोर उभं राहून पूर्ण तास घेते, पण युट्यूब स्टुडिओत किती जण बघत राहतात त्याचा ग्राफ बघितला तर तिसऱ्या मिनिटालाच खाली येतो. पोरं संध्याकाळी वडिलांच्या मोबाईलवर बघतात, रेंज यथातथाच. काय बदलू?

अपूर्णांक_प्रेमी:
मॅडम, अख्खा तास एका व्हिडिओत नको. एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या वेबसाइटच्या कोर्सेसवर २०१४ साली एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच लोक नीट बघतात असं दिसलं, आणि ती तर मोठी माणसं होती. एका व्हिडिओत एकच गोष्ट घ्या आणि मुलांच्या हाताला काम द्या. सुरुवातीलाच सांगा, वहीच्या कागदाची एक पट्टी फाडून घे. मधोमध दुमड, अर्धा भाग रंगव, हे १/२. आता परत दुमडून उघड, २/४ झाले, अजून एकदा दुमडलं की ४/८, पण रंगवलेला भाग वाढला का? इथं गप्प बसायचं, लगेच उत्तर सांगायचं नाही, "व्हिडिओ थांबव आणि वहीत लिही" म्हणायचं. मूल बोटानं पट्टी चाचपत असतं तेव्हा ते व्हिडिओ सोडून जात नाही हो.

साधा_मोबाईल:
दीक्षा ॲपवर पुस्तकातल्या क्यूआर कोडला व्हिडिओ आहेतच की, परत नवीन कशाला?

अपूर्णांक_प्रेमी:
आहेत आणि वापरावेतच. पण फडावरच्या पोराला आपल्या बाईंचा आवाज ऐकू येणं वेगळं, बाई आपल्यासारखंच बोलतात, शाळा आपल्याला विसरली नाही हे त्याला कळतं. मला तरी हे सगळ्यात मोठं वाटतं.

रेकॉर्डिंगवाला_सर:
आवाजाकडे आधी लक्ष द्या ताई. चित्र थोडं धूसर चालतं, आवाज फाटला की मूल पुढं बघत नाही. पंखा बंद करा, तारेचा साधा कॉलर माईक लावा. फळा चमकतो, त्यापेक्षा मोबाईल स्टँडला उलटा लावून वरून फक्त हात आणि कागद दाखवा, जाड स्केचपेननं मोठे आकडे काढा कारण रेंज नसली की १४४पी वरच बघतात आणि बारीक अक्षर दिसतच नाही. स्क्रीनवर लिहिलंय तेच वाचून दाखवू नका. आणि एक, युट्यूबला "मेड फॉर किड्स" टाकलं की कमेंट बंद होतात, मग मुलांची उत्तरं पालकांच्या व्हॉट्सॲपवरून मागवा.

माळावरची_शाळा:
खूप आभार सगळ्यांचे. पट्टीचा व्हिडिओ उद्याच करते, आणि तोडीला जाणाऱ्या पालकांना निघायच्या आधीच फाईल मोबाईलमध्ये टाकून देते, म्हणजे रेंजचा प्रश्नच नको. उत्तरं लिहून नाही, पट्टीचा फोटो काढून मागवला तर चालेल का?

अपूर्णांक_प्रेमी:
पळेल! आणि फोटो आला की त्या मुलाचं नाव घेऊन व्हॉइस मेसेज टाका, दोन वाक्यं पुरेत.