घोरणाऱ्या मुलांची चाळणी: पालकांना २२ प्रश्न विचारून भागेल का?

धंतोली_बालरोग (धागाकर्ता)
शाळेच्या आरोग्य तपासणीतच पालकांकडून झोपेची प्रश्नावली भरून घ्यायची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची) मुलं लवकर हाती लागतील, अशी सूचना आहे. माझा विरोध आहे.

सगळ्यात जास्त वापरातली पीएसक्यू घ्या, पालकांनी भरायची २२ प्रश्नांची, २००० सालची. मूळ अभ्यासात तिने ८५ टक्के आजारी मुलं पकडली आणि ८७ टक्के निरोगी मुलांना बरोबर सोडलं. शाळेत आजाराचं प्रमाण ३ टक्के धरा. १००० मुलांत ३० आजारी, त्यातली २५-२६ सापडतील. पण उरलेल्या ९७० पैकी १२६ निरोगी मुलांच्या हातातही पुढच्या तपासणीची चिठ्ठी पडेल. दीडशे चिठ्ठ्या, सहातली एक खरी. एवढ्यांची रात्रभराची स्लीप स्टडी (झोपेतला श्वास, ऑक्सिजन वगैरे यंत्रांनी नोंदवणं) कोण करणार? शिवाय ते आकडे स्लीप लॅबमध्ये निदान झालेली मुलं आणि साध्या ओपीडीतली मुलं यांच्या तुलनेतून आलेत. शाळेत ते इतके देखणे राहणार नाहीत.

कानानाकघशातला
हिशेब बरोबर, पण अर्धाच. चिठ्ठी न मिळालेली साधारण ८४८ मुलं, त्यात निसटलेली चार-पाच. एका कागदात आणखी काय हवं? आणि दीडशे जणांना थेट स्लीप स्टडीला पाठवा असं म्हणतंय कोण! आधी तोंड उघडायला लावून टॉन्सिल बघा, नाक बघा, वजन-उंची मोजा. बरीच गर्दी तिथेच ओसरते.

अमेरिकन बालरोग अकादमीची २०१२ ची मार्गदर्शिका प्रत्येक मुलाच्या नियमित तपासणीत घोरण्याबद्दल विचारायलाच सांगते. स्लीप स्टडी मिळत नसेल तर रात्रीची ऑक्सिमेट्री (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणं) किंवा व्हिडिओ हे पर्यायही देते. २०१३ च्या 'चॅट' चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. टॉन्सिल-ॲडेनॉइड काढायच्या ऑपरेशननंतर कोणाची लक्षणं आणि जीवनमान सुधारेल, हे सांगण्यात पीएसक्यूचा गुण स्लीप स्टडीच्या आकड्यांपेक्षा सरस ठरला.

धंतोली_बालरोग
त्याच चाचणीतलं दुसरंही सांगा ना. ऑपरेशन न करता सात महिने नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांची स्लीप स्टडी आपोआप नॉर्मल झाली. ऑपरेशनवाल्यांत ७९ टक्के. आणि ती सगळी मुलं आधी स्लीप स्टडीतून निवडलेली होती. शाळेतल्या कागदाला तो निष्कर्ष चिकटवता येत नाही.

स्लीपलॅब_तंत्रज्ञ
फॉर्म भरला कसा जातो, ते तर बघा. 'हो'ची संख्या भागिले 'हो' आणि 'नाही' यांची बेरीज. 'माहीत नाही' हिशेबातून बाद. उत्तर ०.३३ च्या वर गेलं की मूल संशयित. सगळ्या २२ प्रश्नांना उत्तर दिलं तर आठ 'हो' लागतात. चार ठिकाणी 'माहीत नाही' आलं की उरतात १८, आणि सहाच पुरतात. आता शेवटचे सहा प्रश्न वाचा: ऐकत नाही, लक्ष उडतं, चुळबुळ करतं, मधेच बोलतं. घोरण्याशी यांचा थेट संबंध नाही. मूल चंचल, रात्री झोपतं आजीजवळ, म्हणून आईचे चार 'माहीत नाही'. झालं, एकदाही न घोरता पोरगं यादीत!

उलटंही होतं. एप्रिल-मेमध्ये नागपुरात फॉर्म वाटूच नका. कूलर डोक्याशी धडधडत असताना घोरणं ऐकू कसं येणार? आई प्रामाणिकपणे 'नाही' लिहिते. पावसाळ्यात सर्दीने नाक चोंदलं की तीच आई 'हो' लिहिते. म्हणून प्रश्न असा हवा: सर्दी नसताना, आठवड्यातून किमान तीन रात्री घोरतो का?

भाषांतरवाली
निम्मी गडबड मराठीची आहे. 'जड श्वास' लिहिलं की पालकांना दमा आठवतो. 'श्वास थांबतो का' विचारलं तर घाबरून 'नाही'च म्हणणार. 'घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो आणि मग दचकून श्वास घेतो का' असं विचारा, आई लगेच नक्कल करून दाखवते. घोरणं म्हणजे गाढ झोप, असं मानणारी घरंही कमी नाहीत. पण शब्द इतके बदलले की ०.३३ चा उंबरठा आपल्याकडे लागू पडतो का, हे नव्याने तपासावं लागेल. मूळ फॉर्म न पाहिलेल्या माणसाकडून मराठीतून परत इंग्रजीत उलट भाषांतर करून घेणं ही त्यातली पहिली पायरी.

धंतोली_बालरोग
हा मुद्दा मान्य. पण डाउन सिंड्रोमच्या मुलांत तर पालकांचं सांगणं आणि स्लीप स्टडी यांचा मेळच बसत नाही. म्हणून चौथ्या वर्षापर्यंत सगळ्यांचीच स्लीप स्टडी करा, असा सल्ला आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही बघायला हवं. त्या मुलांचा ऑक्सिजन मुळातच थोडा खाली असू शकतो, म्हणजे तुमची ऑक्सिमेट्रीही फसवणार.

कानानाकघशातला
या दोन गटांना फॉर्म नको, थेट स्लीप स्टडी. वाद नाही. बाकीच्यांकडून फॉर्मसोबत मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मागवा, तोही पहाटे चार-पाचचा. मुलांत श्वास अडकतो तो मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे स्वप्नं पडण्याच्या टप्प्यात, आणि ती पहाटेकडे जास्त असते. रात्री अकराला बघून 'शांत झोपलाय' म्हणणारे तिथेच चुकतात. कूलर बंद, बनियन वर, छाती आणि पोट दोन्ही दिसायला हवेत. पोट फुगताना छाती आत जाते का, ते बघायचं. मात्र तीन वर्षांखालच्या बाळात रेम झोपेत तसं होणं नॉर्मलही असतं, तेवढ्यावरून चिठ्ठी देऊ नका.