क्लायंट 'तयार' नसेल तर कोचने त्याला परत पाठवावं का?

साकव
मी कोचिंग करतो, म्हणजे शिकवणी नव्हे, नोकरदारांना स्वतःत बदल घडवायला मदत. समोरच्याला बदल हवाय की फक्त बदलाचं सर्टिफिकेट, हे बहुतेक वेळा पहिल्या भेटीतच कळतं. सर्टिफिकेटवाल्याला मी हल्ली 'आत्ता नको' म्हणून परत पाठवतो. बरोबरीचे म्हणतात, हा माज आहे. मला ही आपली जुनी रीत वाटते. वेदान्तात विषयाला हात घालण्याआधी अधिकारी, म्हणजे शिकायला पात्र, कोण ते सांगतात : ज्याच्याकडे विवेक, वैराग्य, शमदमादी (मन, इंद्रियं आवरणं वगैरे) सहा गुण आणि मुमुक्षुत्व, म्हणजे मोक्षाची ओढ, आहे तो. प्रश्नोपनिषदात सहा जण ब्रह्मज्ञानासाठी पिप्पलाद ऋषीकडे येतात, तर तो म्हणतो, आधी वर्षभर इथे राहा, मग विचारा. कठोपनिषदात मरणानंतर काय, हे विचारणाऱ्या नचिकेताला यमाने हत्ती, घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य, सगळं देऊ करून पाहिलं. पोरगं हललं नाही, तेव्हा कुठे यमाने तोंड उघडलं. आपण मात्र फॉर्म भरला, पैसे आले, की सुरू!

चिंचोका
'अधिकार' हा शब्द जपून वापरा हो. शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही, यावर ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथाच्या, पहिल्याच अध्यायात अख्खं अधिकरण (प्रकरण) आहे. एकलव्याच्या तयारीत काय कमी होतं? दार अडवणाऱ्याला नेहमी वाटतं, आपण पात्रता तपासतोय. वारकऱ्यांनी ते दारच काढून टाकलं. परंपरा तीही आहे. आणि तुमच्या नजरेला 'तयार' कोण दिसणार? तुमच्याच भाषेत, नीट वाक्यांत बोलणारा.

साकव
@चिंचोका, जन्मावरून अडवणं आणि तयारी पाहणं एक नव्हे. शेवटचं वाक्य मात्र लागलं.

दुपारची झोप
मुळात तुलनाच गंडलीय. मुमुक्षूला इच्छांतून सुटायचंय, तुमच्या क्लायंटला बढती हवीय. वैराग्य आलं तर तो तुमच्याकडे येईलच कशाला?

ओवी_१७
रामदासांनी दासबोधात बद्ध (संसारात अडकलेला), मुमुक्षू, साधक, सिद्ध अशा चार पायऱ्या सांगितल्या आणि बद्धावरही स्वतंत्र समास लिहिला. त्याला वगळलं नाही. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांवरून बदलाचे टप्पे मांडले. त्यातही 'अजून विचारच नाही' हा एक टप्पा आहे. म्हणजे तयार नसणं ही कामाची सुरुवात असू शकते. दारू सोडवणाऱ्यांच्या समुपदेशनातून आलेली एक साधी युक्ती सांगते. विचारायचं, 'हा बदल तुम्हाला दहापैकी किती महत्त्वाचा वाटतो?' माणूस चार म्हणाला, तर 'सात का नाही?' असं विचारायचं नाही. 'दोन का नाही?' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नावर तो अडचणी मोजतो. दुसऱ्यावर स्वतःची कारणं स्वतःच बोलू लागतो. तुम्ही परत पाठवलेल्यांपैकी किती जणांना हे विचारलंत?

चिंचोका
+१. अर्जुन तरी कुठे तयार होता? धनुष्य टाकून बसला होता.

साकव
पण कृष्ण उपदेशाला लागला तो अर्जुन 'मी तुझा शिष्य, मला सांग' म्हणाल्यावर. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्यांना एचआरने ढकललेलं असतं. ते कुठे मागतात?

कोरडा ठाक
छांदोग्य उपनिषदातली देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन यांची गोष्ट बघा. आत्मा म्हणजे काय, हे कळावं म्हणून दोघांनीही प्रजापतीकडे ३२ वर्षं ब्रह्मचर्याने काढली. साकवरावांच्या चाळणीतून दोघंही आरामात पास! दोघांना उत्तरही एकच मिळालं. पाण्यातलं प्रतिबिंब पाहून 'हे शरीर म्हणजेच आत्मा' असं समजून विरोचन खुशीत घरी गेला. इंद्र वाटेतूनच परत फिरला : शरीर आंधळं झालं तर आत्माही आंधळा होणार का? असा परत येत येत त्याने १०१ वर्षं काढली. मग फरक प्रवेशाच्या वेळी कुणाला दिसला असता? तो उत्तर मिळाल्यावर दिसला. (प्रजापतीनेही विरोचनाला थांबवलं नाही, हे मला कायम खटकतं.)

साकव
मान्य, निदान अर्धं. मग पहिल्या भेटीत नकार द्यायचा नाही. तीन सेशन करायची. मधल्या काळात तो स्वतःहून एक तरी शंका घेऊन परत आला का, ते पाहायचं आणि दोघांनी मिळून ठरवायचं.

दुपारची झोप
आणि त्या तीन सेशनचे पैसे?

साकव
घेणार. पिप्पलादाकडेही ते समिधा घेऊनच आले होते.

चिंचोका
समिधा एचआरने पाठवल्या नव्हत्या 😄