शिव्या डॉजर्सना कशाला? न खर्चणाऱ्या मालकांना द्या

तिसराबेस
२०२५ ची वर्ल्ड सिरीजही (अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची अंतिम लढत) लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनीच मारली, सलग दुसरी. तेव्हापासून एकच रड चालू आहे: पैसे फेकून बेसबॉल विकत घेतला. त्यांचा स्टार खेळाडू ओहतानी, त्याला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर द्यायचे, वगैरे.

अहो, हा मालक निदान पैसे मैदानात तरी घालतोय! ओकलंडचं काय झालं ते बघा. जॉन फिशर, म्हणजे गॅप ही कपड्यांची कंपनी काढणाऱ्यांचा मुलगा. २००५ मध्ये भागीदाराबरोबर तिथली अ‍ॅथलेटिक्स ही टीम सुमारे १८ कोटी डॉलरना घेतली. २०२३ मध्ये खेळाडूंच्या पगारावरचा खर्च ३० टीममध्ये सर्वांत कमी, आणि ११२ सामने हरले. वर तक्रार काय, तर लोक मैदानावर येत नाहीत! १३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार घातला, म्हणजे ठरवून आले. २७,७५९ जण, 'SELL' (विका) छापलेले हिरवे टी-शर्ट, टीम विका म्हणून रात्रभर घोषणा. नोव्हेंबरात लीगमधल्या सगळ्या टीमच्या मालकांनी ३० विरुद्ध ० मतांनी टीम लास व्हेगासला न्यायची परवानगी दिली. तिथल्या स्टेडियमला नेवाडा राज्य ३८ कोटींपर्यंत सरकारी पैसा देणार. तोवर मुक्काम सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या, म्हणजे दुय्यम लीगच्या मैदानावर, आणि टीमच्या नावात कुठल्याच गावाचं नाव नाही.

हिशेबनीस
फिशरबद्दल वाद नाही. पण तो वाईट म्हणून डॉजर्स चांगले कसे ठरतात? देशभरच्या प्रक्षेपणाचा पैसा ३० टीममध्ये सारखा वाटला जातो, स्थानिक टीव्हीचा तसा नाही. डॉजर्सचा स्थानिक करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा. (याच करारापायी लॉस एंजेलिसमधल्या कित्येक घरांत २०१४ ते २०२० डॉजर्सचे सामने दिसत नव्हते. चाहत्यांची केवढी काळजी!) मिलवॉकीसारख्या लहान शहराच्या टीमने एवढा पैसा आणायचा कुठून? २०२५ मध्ये मिलवॉकीच्या ब्रुअर्सनी सगळ्यांत जास्त, ९७ सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये डॉजर्सनी त्यांना ४-० ने घरी पाठवलं. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी, तिन्ही लीगमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. इथेच का नको?

पिट्सबर्गकर
लहान गावाची रडकथा ऐकायची असेल तर आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सकडे या. प्रत्येक टीम स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एका गल्ल्यात टाकते आणि त्याची समान वाटणी होते. म्हणजे डॉजर्स कमावतात आणि आमचे मालक बॉब नटिंग यांनाही त्यातलं मिळतं. त्यातून आम्हाला काय मिळालं? २०१५ नंतर प्लेऑफ नाही. २०२५ मध्ये आमचा पिचर पॉल स्कीन्स याने १.९७ ई.आर.ए. (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) राखला, एकमताने साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला, आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०! बॅटिंग विकत घ्यायची राहून गेली बहुतेक. स्कीन्सचा त्या वर्षीचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर. ओहतानीच्या नव्हे, नटिंगच्या हिशेबाने चालतो आम्ही.



नळस्टॉप_कट्टा
आयपीएलकडून शिका की राव. २०२५ च्या मोठ्या लिलावात सगळ्यांना १२० कोटी रुपयेच. अंबानी असोत नाहीतर आणखी कोणी. विषय संपला.

तिसराबेस
@नळस्टॉप_कट्टा, थैली सारखी असूनही मुंबई ५ वेळा, चेन्नई ५ वेळा आणि २०२५ पर्यंत पंजाब शून्य. कुठला विषय संपला?

@हिशेबनीस, कॅप लावून वाचलेले पैसे तिकिटाच्या दरात उतरत नाहीत, मालकाच्या खिशात उतरतात. १९९४ मध्ये मालकांनी कॅपचाच हट्ट धरला, ऑगस्टमध्ये खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला आताचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे, म्हणजे पुन्हा तोच तमाशा. वरून झाकण नको, खालून किमान खर्चाची सक्ती हवी.

हिशेबनीस
कॅपशिवाय ती सक्ती कुठला मालक मान्य करेल? आणि केलीच, तर नटिंग उतारवयाच्या पिचरला दोन कोटी देऊन कागद पूर्ण करतील. न्यूयॉर्कच्या मेट्सनी २०२३ चा सीझन सुमारे ३५ कोटींच्या पगारावर सुरू केला, तेव्हा सर्वांत जास्त. जिंकले ७५, हरले ८७. पैसे सोडणं सोपं असतं हो.

फेनवेचा_खांब
सगळे गरिबीवर बोलताय. आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्सना काय कमी होतं? मालक कंपनीकडे लिव्हरपूलही आहे. तरी २०२० मध्ये आमचा स्टार खेळाडू मुकी बेट्स गेला, तोही डॉजर्सकडेच. त्या मालक कंपनीत हिस्सा असलेल्या रेडबर्ड या गुंतवणूक कंपनीने २०२१ मध्ये राजस्थान रॉयल्सचाही १५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा नळस्टॉपवाल्यांनी फार निर्धास्त राहू नये. पण म्हणून कंपनी मालक म्हणजे वाईटच असंही नाही. टोरोंटोच्या टीमची मालक रॉजर्स ही टेलिकॉम कंपनी, तिने टीमचा स्टार गेरेरो याला १४ वर्षांचे ५० कोटी दिले आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टीम सातव्या सामन्याच्या अकराव्या डावापर्यंत गेली. फरक आहे तो मालकाची नियत कशी यात, आणि त्यासाठी नियम कसा करणार?

पिट्सबर्गकर
नियत वगैरे तुम्ही ठरवा. स्कीन्स २०२९ च्या सीझननंतर मोकळा होतोय. तो डॉजर्सकडे गेला, तर तिसराबेस, त्या दिवसापुरती तरी शिव्या घालायची परवानगी द्या.