सल्ला हवा: अ‍ॅडलेडहून जुन्या वेलींची रेड वाईन आणायचीय

रानजाई: मंडळी, भाऊ पुढच्या महिन्यात अ‍ॅडलेडहून पुण्याला येतोय, बाबांच्या पंच्याहत्तरीला चांगली मुरलेली रेड आण म्हटलंय. बाबांचं अख्खं आयुष्य नाशिकला द्राक्षबागेत गेलं, म्हणून जुन्या वेलींचीच हवी हा माझा हट्ट. तो दुकानातून फोटो पाठवतोय आणि दर दुसऱ्या बाटलीवर 'ओल्ड व्हाइन' लिहिलंय, ओळखायचं कसं?

फावल्या_वेळेत: त्या शब्दाला तिकडे कायद्याने काही अर्थ नाही गं, कोणीही छापतं. अ‍ॅडलेडजवळच्या बरोसा या वाईनच्या भागातल्यांनी 2009 मध्ये वेलींच्या वयावरून आपली प्रतवारी ठरवली, 35 वर्षांपुढे ओल्ड, 70 सर्व्हायव्हर, 100 सेंटेनेरियन, 125 अ‍ॅन्सेस्टर. यातला शब्द नाहीतर लागवडीचं साल असेल तरच घे. माझं मत बरोसातल्याच लँगमील वायनरीची फ्रीडम 1843 शिराझ (शिराझ ही द्राक्षाची जात). फक्त 1843 हे वेलींचं साल आहे, वाईनचं नाही, ते वेगळं छापलेलं असतं, आठ-दहा वर्षांपूर्वीचं मिळालं तर सोडू नको.

बांधावरून: पिंपळगावला बाग आहे म्हणून बोलतो ताई, पावणेदोनशे वर्षांची वेल ऐकून हसूच आलं, आमच्याकडे पंधरा वर्षं झाली, माल घटला की बाग काढली. डॉगरीज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळांवर, कलम, वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, वेल दमणारच ना. अ‍ॅडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात फिलॉक्झेरा, म्हणजे वेलीची मुळं मारणारी कीड, पोचलाच नाही, त्यामुळे तिथल्या जुन्या वेली कलमाशिवाय आपल्याच मुळांवर उभ्या. घड थोडे, मणी बारीक, रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून वाईन दाट. एकरी टन-दोन टनात आमचं तर औषधांचं बिलही सुटायचं नाही. आणि 1980 च्या दशकात तिथल्या सरकारने पैसे देऊन अशा कितीतरी बागा उपटून टाकल्यात, उरल्या त्याचा हा भाव.

खमंग_काकडी: आणल्यावर माळ्यावर ठेवू नका!! आम्ही तो शहाणपणा केलाय, मेमध्ये ठेवली, दिवाळीला काढली तर बूच बोटभर वर आलेलं आणि चव उकडलेल्या मनुकांची. फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ खाली बसेल, प्यायच्या तासभर आधी बाहेर काढा, तळातले दोन घोट ओतू नका. फिरकीचं झाकण दिसलं तर नाक मुरडू नका, तिकडे भारी वाईनलाही तेच असतं. कस्टमला माणशी दोन लिटर चालतं, दोन बाटल्या आरामात.

रानजाई: सगळ्यांना थँक्यू! सरप्राइज होतं, पण न राहवून बांधावरून दादांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. वाईनचं नाव नाही विचारलं, म्हणे "तिकडे छाटणी कधी करतात?"

बांधावरून: एकदाच म्हणावं, त्यांच्या थंडीत, जून ते ऑगस्ट.